मुदत उलटलेलं अन्न खावं की टाकावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकिटावर तारीख छापणाऱ्याला तुमच्या फ्रिजचं तापमान माहीत नसतं. पाकीट तुम्ही कधी फोडलंत, त्यात ओला चमचा गेला का, दुकानातून घरी येईपर्यंत ते किती वेळ उन्हात राहिलं, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. म्हणून तारीख वाचून अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं, पाकीट ज्याच्या हातात आहे त्यानं करायचं असतं. ते कसं करायचं हे या पानावर सांगितलं आहे. घाबरून चांगलं अन्न फेकलं जाऊ नये आणि जीव हळहळतो म्हणून वाईट अन्न पोटात ढकललं जाऊ नये, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

'बेस्ट बिफोर' आणि 'एक्सपायरी' म्हणजे एकच ना?

नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस आयोग ठरवतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा हा एकत्रित उपक्रम. लेबलांबद्दलच्या त्यांच्या मानकात २०१८ साली या दोन तारखांचा अर्थ नीट वेगळा करून मांडला गेला.

'बेस्ट बिफोर' ही दर्जाची तारीख. पाकीट बंद असेल आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेलं असेल, तर त्या दिवसापर्यंत चव, रंग, कुरकुरीतपणा उत्पादकानं सांगितलाय तसाच राहील. त्यानंतरही पदार्थ खाण्याजोगा असू शकतो, हे त्या व्याख्येतच म्हटलेलं आहे. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' ही सुरक्षिततेची तारीख. ती उलटली की पदार्थ विकायचाही नाही आणि खायचाही नाही.

तेव्हा तारखेआधी तिच्या शेजारचे शब्द वाचा. नुसता महिना आणि वर्ष दिलं असेल तर त्या महिन्याची अखेर धरायची. 'सेल बाय' असं लिहिलेलं दिसलं तर ती सूचना दुकानदारासाठी असते, त्यानं माल कधीपर्यंत मांडावा यासाठी.

मग ज्या दिवशी 'बेस्ट बिफोर' संपते त्या दिवशी पदार्थात नेमकं काय बदलतं?

काहीच नाही. उत्पादक आपल्या मालाचे नमुने ठरावीक तापमानाला ठेवून वेळोवेळी तपासतो, दर्जा कधी घसरायला लागतो ते पाहतो आणि त्याच्या थोडी अलीकडची तारीख छापतो. बिस्किटं तारखेच्या दुसऱ्या दिवशी सादळत नाहीत. उलट पावसाळी हवेत पाकीट उघडं राहिलं तर तारखेला चार महिने असतानाच सादळतील.

पाकीट फोडल्यावर ती तारीख लागू राहते का?

राहत नाही. तारीख बंद पाकिटाची असते. फोडल्यावर 'उघडल्यानंतर इतक्या दिवसांत संपवा' ही बारीक अक्षरांतली ओळ लागू होते आणि बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरून जाते. मी झाकणावर मार्करनं उघडल्याची तारीख लिहून ठेवते. या एका सवयीनं आमच्या घरातले फ्रिजसमोरचे निम्मे वाद थांबले.

वास घेऊन, चव बघून कळत नाही का?

खराब झालेलं कळतं. धोकादायक झालेलं बऱ्याचदा कळत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

अन्नात दोन तऱ्हेचे सूक्ष्मजीव वाढतात. काही अन्न नासवतात. त्यांच्यामुळे आंबूस वास येतो, पृष्ठभाग बुळबुळीत होतो, तार सुटते, फेस येतो. असं अन्न नकोसं वाटतं आणि आपण ते टाकून देतो. दुसरे म्हणजे आजार देणारे: साल्मोनेला, लिस्टेरिया, काही प्रकारचे ई. कोलाय. आजारी पडायला पुरतील एवढे हे अन्नात असले तरी वास, चव, रंग यांत काही फरक पडेलच असं नाही. शिवाय लिस्टेरिया थंडीला बधत नाही, फ्रिजच्या तापमानालाही तो सावकाश वाढत राहतो.

हवा काढून सीलबंद केलेल्या पाकिटांत आणखी एक अडचण आहे. आपल्याला सावध करणारे, वास आणणारे जीवाणू बहुधा हवेवर जगतात. हवाच नाही म्हटल्यावर ते मागे पडतात आणि बिनहवेचे जीवाणू पुढे सरकतात. त्यांतलाच एक क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम, बोट्युलिझम नावाची विषबाधा घडवणारा. त्याचे काही प्रकार तर ३ अंश सेल्सिअसच्या आसपासही वाढतात आणि वाढताना घाण वास सोडत नाहीत. त्यामुळे सीलबंद थंड मांस किंवा धुरावलेला मासा 'वास तर चांगला येतोय' म्हणून मुदतीनंतर खाणं म्हणजे जिथे नाक चालत नाही नेमक्या तिथेच नाकावर भरवसा ठेवणं.

याचा अर्थ वास घ्यायचाच नाही असा नाही. वास वाईट आला तर तारखेला महिना बाकी असला तरी टाका. वास चांगला आला तर मात्र पुढचे प्रश्न विचारा: तारीख कुठली, पदार्थ कसला, ठेवला कसा होता? आणि शंका असलेला पदार्थ चाखून पाहू नका. विष तयार झालं असेल तर थोडीशी चवही महाग पडू शकते.

नीट उकळून घेतलं तर काहीही चालेल ना?

हा समज फार खोलवर रुजलेला आहे. उकळल्यानं जिवंत जीवाणू बहुतेक मरतात हे खरं. पण काही जीवाणू आधीच अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते विष उष्णतेला दाद देत नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा आपल्या नाकात, त्वचेवर, हातावरच्या जखमेत राहणारा जीवाणू. शिजवलेल्या अन्नाला हात लागला आणि ते तासन्‌तास उबदार जागी राहिलं की तो वाढतो आणि विष बनवतो. मग ते अन्न अर्धा तास खळाखळा उकळलं तरी विष शिल्लक राहू शकतं. जीवाणू मेलेले असतात, उलट्या मात्र व्हायच्या त्या होतात, बहुधा अर्ध्या ते आठ तासांत.

दुसरा बॅसिलस सेरियस. याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपून राहिलेले जीवाणू, तांदळात असतात आणि शिजवतानाही तग धरतात. भात शिजून कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष १२१ अंशांनाही टिकतं. दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर राहिला असेल तर परतून वाफा काढल्यानं तो 'शुद्ध' होत नाही.

माशांमध्येही असंच घडतं. ट्यूना, बांगडा यांसारखे मासे पुरेसे थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते तळून जात नाही, गोठवून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. पुष्कळांना ती माशाची अ‍ॅलर्जी वाटते.

शिजवलेलं अन्न बाहेर किती वेळ ठेवलेलं चालतं?

दोन तास. हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एकच तास.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा जीवाणूंचा आवडता पट्टा आहे. या पट्ट्यात, सगळं मनासारखं जुळून आलं तर, काही जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. हिशेब करून पाहा: एकापासून सुरुवात केली तर सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे वीस लाखांच्या वर. म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं, थंड ५ अंशांच्या खाली, आणि मधल्या पट्ट्यात कमीत कमी वेळ. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये घातलं तर त्याचा गाभा कितीतरी वेळ कोमट राहतो. पसरट, उथळ भांड्यांत वाटून ठेवलं की लवकर गार होतं. फ्रिजमधलं उरलेलं शिजवलेलं अन्न तीन दिवसांत संपवा आणि पुन्हा गरम करायचं ते एकदाच, आतपर्यंत ७० अंशांच्या वर जाईल असं.

घरच्या उरलेल्या अन्नावर तारीख छापलेली नसते, म्हणून त्याकडे कुणी संशयानं पाहत नाही. मला विचाराल तर 'बेस्ट बिफोर' उलटलेल्या बिस्किटांपेक्षा जास्त काळजी या उरलेल्या अन्नाची करायला हवी.

विटलं, नासलं, खवटलं, बुरसलं... सगळंच टाकायचं का?

आपल्या भाषेत बिघडण्याला इतके शब्द आहेत ते उगीच नाहीत. प्रत्येक शब्द वेगळी प्रक्रिया सांगतो आणि निर्णयही त्यावरूनच होतो.

सादळलं म्हणजे हवेतला ओलावा शोषला. जीवाणूंचा यात संबंध नाही. बिस्किटं ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवा, पुन्हा कुरकुरीत होतील.

खवटलं म्हणजे स्निग्ध पदार्थाचा हवेशी संयोग झाला. तेल, दाणे, बदाम, अक्रोड, तेलकट बिया, कोंड्यासकट दळलेलं पीठ यांना हे होतं. खवट तेल एकदा चुकून खाल्लं म्हणून विषबाधा होत नाही, पण त्यातली जीवनसत्त्वं गेलेली असतात आणि ते रोज खावं असं काही नसतं. टाका, घाबरू नका. पुढच्या वेळी लहान बाटली आणा आणि शेगडीपासून लांब, अंधारात ठेवा. तेलाचे वैरी तीन: उजेड, उष्णता आणि हवा.

आंबलं याचे दोन अर्थ होतात. आपण विरजण लावून किंवा ठरवून आंबवलं तर ते चांगलं. जे आंबायला नको होतं ते आपणहून आंबलं तर टाका, कारण आंबवणाऱ्यांबरोबर आणखी कोण वाढलंय ते दिसत नाही.

विटलं, बुळबुळीत झालं, तार सुटली, सडलं: विचार न करता टाका.

बुरसलं, त्याचं उत्तर मोठं आहे.

ब्रेडच्या एका कोपऱ्याला बुरशी आहे. तेवढा काढून बाकीचा खाऊ का?

नको. हिरवा-निळा ठिपका म्हणजे बुरशीचा फक्त वर आलेला, बीजाणूंचा भाग. तिचे धागे सच्छिद्र, मऊ पदार्थात आतवर पसरलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. ब्रेड, केक, शिजवलेलं अन्न, दही, जॅम, मऊ चीज, टोमॅटोसारखी रसाळ फळं यांवर बुरशी दिसली की अख्खा पदार्थ टाकायचा. नाकाजवळ नेऊन हुंगूही नका, बीजाणू श्वासात जातात.

कडक पदार्थांना सूट आहे. घट्ट चीजचा गड्डा, गाजर, कोबी यांच्यात धागे सहज घुसत नाहीत. बुरशीच्या चहूबाजूंनी आणि खालून अडीच सेंटिमीटर कापून टाका. सुरी बुरशीला लागू देऊ नका. उरलेलं खाता येतं. (काही चीज मुद्दाम बुरशी लावूनच तयार करतात. ती बुरशी वेगळी.)

दाणे आणि धान्य यांच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी कुठल्याशा अज्ञात रोगानं मेले. रोगाचं नावच 'टर्की एक्स' पडलं. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते खाद्यातल्या बुरसलेल्या शेंगदाणा पेंडीत: अ‍ॅस्परजिलस फ्लेवस या बुरशीचं विष. त्याला अफ्लाटॉक्सिन नाव मिळालं. त्यानं माणसाला यकृताचा कर्करोग होतो हे आता पक्कं ठरलेलं आहे, आणि रोजच्या स्वयंपाकाच्या आचेनं ते नष्ट होत नाही. एखादा दाणा तोंडात कडू, कुबट लागला तर थुंका. बुरशी धरलेलं धान्य धुऊन, वाळवून, भाजून वापरू नका, आणि जनावरांनाही घालू नका.

कुठले पदार्थ तारीख उलटल्यावर एक दिवसही खायचे नाहीत?

'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' लिहिलेले सगळे. त्यांतही खास करून: कच्चं आणि शिजवलेलं सीलबंद मांस, धुरावलेले मासे, मऊ चीज, तयार सॅलड, कापून पॅक केलेली फळं, न शिजवता खायचे फ्रिजमधले पदार्थ. यांतल्या बहुतेकांत तीन गोष्टी सारख्या आहेत: पाणी भरपूर, आंबटपणा कमी आणि ताटात येण्याआधी आच लागत नाही.

बाळांच्या दुधाची पावडर या यादीत सगळ्यात वर. तारखेनंतर तिच्यातली पोषकद्रव्यं लेबलवर लिहिल्याइतकी राहतील याची खात्री नसते आणि बाळाचं तर सगळं पोषण तेवढ्यावरच चाललेलं असतं. इथे 'चालतंय की' नको.

आणि कुठले निवांत वापरता येतात?

ज्यांच्यात जीवाणूंना प्यायला पाणी नाही, किंवा व्हिनेगरसारखा आंबटपणा त्यांना वाढू देत नाही, ते. मीठ, साखर, मध, व्हिनेगर, कोरडा पांढरा तांदूळ, कोरड्या डाळी, पास्ता. कोडेक्सच्या नियमांत व्हिनेगर, आयोडिन न घातलेलं मीठ आणि घट्ट साखर यांच्यावर तारीख छापायची सक्तीही नाही.

मधात पाणी असतं, पण साखरेनं ते इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की जीवाणूंना मिळत नाही. मधाचे खडे झाले म्हणजे तो बिघडला असं नव्हे, बरणी कोमट पाण्यात ठेवली की विरघळतात. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, ताजा असो की जुना. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना अजून अडवू शकत नाही.

जुन्या डाळी शिजायला वेळ घेतात, एवढंच. मसाल्यांचा वास उडतो. चॉकलेटवर पांढुरकी साय दिसते ती बहुधा वर आलेल्या कोकोच्या लोण्याची किंवा साखरेची असते, बुरशी नव्हे.

पिठात किडे दिसले तर?

सोंडे किंवा जाळी धरलेलं पीठ खाल्ल्यानं सहसा आजार होत नाही. पण जाळी, कुबट वास किंवा कडवट चव असेल तर ठेवण्यात अर्थ नाही. टाका आणि शेजारचे डबेही तपासा, किडे एका डब्यावर थांबत नाहीत.

दुधाची तारीख काल संपली. चहाला वापरू?

तारखेशेजारी काय लिहिलंय ते आधी पाहा. 'यूज बाय' असेल तर नाही. 'बेस्ट बिफोर' असेल, पिशवी किंवा बाटली बंद असेल, सतत ५ अंशांखाली राहिली असेल आणि तापवल्यावर दूध फाटत नसेल, तर एखाद्या दिवसानं बिघडत नाही. पाश्चरीकरणात दूध साधारण ७२ अंशांना १५ सेकंद तापवतात. त्यानं रोगजंतू मरतात, पण दूध नासवणारे काही जीवाणू उरतात. पाश्चरीकृत दूध बहुतेक वेळा आपणहून 'मी नासलो' असं सांगतं ते त्यांच्यामुळेच. कच्च्या दुधाला हा भरवसा नाही.

जाड कागदी डब्यातलं, महिनोन्‌महिने टिकणारं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवलेलं असतं. बंद आहे तोवर बाहेर चालतं. फोडलं की ते साध्या दुधासारखंच, फ्रिजमध्ये आणि चार दिवसांत संपवायचं.

अंडं पाण्यात तरंगलं म्हणजे वाईट?

जुनं. वाईटच असेल असं नाही. कवचाच्या बारीक छिद्रांतून आतला ओलावा निघून जातो, हवेची पोकळी मोठी होते, म्हणून अंडं तरंगतं. फोडून वेगळ्या वाटीत घ्या. खराब अंड्याचा वास लपत नाही. पण पाण्यात बुडालेलं अंडं सुरक्षित असतं हा उलटा निष्कर्ष चुकीचा आहे. साल्मोनेला ताज्या अंड्यातही असू शकतो आणि तरंगण्या-बुडण्याशी त्याचा काही संबंध नाही. अंडं जितकं जुनं तितकं पूर्ण शिजवा, पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत.

टिनच्या डब्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलीय. फेकून देऊ?

डबा कसा आहे ते आधी बघा. डबा धडधाकट असेल तर आत बहुधा सगळं ठीक असतं. डब्यात भरून सील केलेलं अन्न उष्णतेनं निर्जंतुक करतात. आंबट नसलेल्या पदार्थांना त्यासाठी १२१ अंशांपर्यंत न्यावं लागतं, कारण बोट्युलिनमचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. सील शाबूत आहे तोवर नवा जंतू आत शिरत नाही.

यासंबंधी एक गोष्ट मला फार आवडते. 'बर्ट्रंड' नावाची वाफेवर चालणारी बोट १८६५ साली अमेरिकेतल्या मिझुरी नदीत बुडाली. १९६८ मध्ये तिचे अवशेष गाळाखाली सापडले आणि त्यात डबाबंद अन्नही मिळालं. १९७४ मध्ये रसायनतज्ज्ञांनी ते तपासलं. रंग आणि वास उतरला होता, अ आणि क जीवनसत्त्वं पार घटली होती, पण जंतूंची वाढ आढळली नाही. शंभराहून जास्त वर्षांनी! यातून अर्थ इतकाच घ्यायचा की डबा टिकतो तो सील टिकतं तोवर. नदीतले डबे खायचे असं मी म्हणत नाही.

सर्वसाधारणपणे टोमॅटो, अननस यांसारखे आंबट पदार्थ वर्ष-दीड वर्ष चांगल्या दर्जाचे राहतात, कारण आंबटपणा डब्याला आतून कुरतडत असतो. डाळी, भाज्या, मांस यांसारखे कमी आंबट पदार्थ दोन ते पाच वर्षं.

आता डबा कधी टाकायचा. फुगलेला, गळणारा, शिवणीवर पोचा आलेला, बोट शिरेल एवढा खोल किंवा धारदार पोचा असलेला, पुसून न जाणारा गंज चढलेला, उघडताना फवारा उडवणारा डबा टाका. फुगलेला डबा तर उघडूच नका. पिशवीत बांधून, मुलं आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असा टाका आणि हात धुवा. बोट्युलिझमचं विष ८५ अंशांना पाच मिनिटांत निकामी होतं हे खरं आहे, पण त्या भरवशावर फुगलेला डबा वाचवू नका. बाजूला हलकासा पोचा असेल तर काही बिघडत नाही.

घरी बाटल्यांत भरून ठेवलेल्या पदार्थांचं काय?

इथे कारखान्याचा भरवसा नसतो, म्हणून जास्त सावध राहा. बोट्युलिनमची वाढ साधारण ४.६ पीएचच्या खाली होत नाही (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट), त्यामुळे पुरेसं व्हिनेगर किंवा आंबट असलेले पदार्थ सुरक्षित. तेलात बुडवलेला कच्चा लसूण मात्र आंबट नसतो आणि त्याला हवाही मिळत नाही. तो फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

फ्रीझरमध्ये ठेवलं की तारीख थांबते ना?

जवळपास. उणे १८ अंशांना जीवाणू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. म्हणून गोठवायचं ते तारीख उलटण्याआधी. उलटल्यावर गोठवलं तर बिघाडच गोठतो. बाहेर काढल्यावर घड्याळ पुन्हा सुरू होतं, तेव्हा फ्रिजमध्येच सावकाश वितळवा, ओट्यावर नको. महिनोन्‌महिने ठेवलेल्या मांसावर पांढरे, कोरडे डाग पडतात. तो कोरडेपणा आहे, धोका नव्हे.

वीज गेली होती. फ्रिजमधलं काय ठेवायचं?

दार उघडलं नसेल तर फ्रिज सुमारे चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर दूध, मांस, मासे, शिजवलेलं अन्न टाका, त्यांच्यावरची तारीख काहीही सांगो. लोणी, घट्ट चीज, जॅम, सॉस, अखंड फळं बहुधा निभावतात. फ्रीझरमधल्या पदार्थात अजून बर्फाचे खडे असतील तर परत गोठवता येतो.

घरातले मोठे म्हणतात, 'आम्ही आयुष्यभर खाल्लं, काही झालं नाही.' काय उत्तर द्यावं?

त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका. कोरड्या, खारवलेल्या, आंबवलेल्या पदार्थांबद्दल त्यांचा अनुभव बहुतेक वेळा बरोबरच असतो, आणि अन्न वाया घालवू नये ही तळमळ तर शंभर टक्के बरोबर आहे. बदललेल्या गोष्टी दोन. एक, हवाबंद, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकणारे तयार पदार्थ त्यांच्या तरुणपणी इतके नव्हते. लिस्टेरियाला नेमके तेच मानवतात. दोन, वय वाढलं की शरीराची प्रतिकारशक्ती उतरते. विशीत जे पचलं ते सत्तरीत आजारी पाडू शकतं.

गरोदर बाई, लहान मुलं, साठीपुढची माणसं, मधुमेह, कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, यांच्यासाठी मुदतीच्या बाबतीत सवलत घेऊ नका. गरोदरपणात लिस्टेरियाचा संसर्ग झाला तर आईला नुसती कणकण जाणवते आणि गर्भपात होऊ शकतो. आजार उमटायला काही आठवडेही लागतात, त्यामुळे तोवर काय खाल्लं होतं ते आठवतही नाही.

पण अन्न टाकवत नाही हो.

कळतं मला. २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतलं होतं. यातलं बरंच फक्त तारखेचा अर्थ न कळल्यामुळे गेलं असणार, म्हणून तर पहिलाच प्रश्न मी इतका लांबवला. पण शंकेचं अन्न खाऊन ही नासाडी कमी होत नाही. ती आधीच्या टप्प्यावर कमी होते: कमी आणून, जुनं पुढे आणि नवं मागे लावून, दोन दिवसांत वापरणार नसाल ते वेळेत गोठवून. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवला की लवकर कडक होतो, फ्रीझरमध्ये ठेवला तर आठवडे टिकतो. हे कळल्यापासून मी ब्रेड फेकलेला नाही.

चुकून खाल्लं गेलं. आता?

तारीख उलटलेलं खाल्लं म्हणजे आजारी पडणारच असं नाही. मुद्दाम उलटी काढू नका. पाकीट मात्र जपून ठेवा, त्यावरचा बॅच क्रमांक डॉक्टरांच्या उपयोगी पडू शकतो.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर थोड्या थोड्या वेळानं मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घोट घोट द्या. जुलाबातून रक्त जाणं, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, पोटात काहीच न टिकणं, लघवी खूप कमी होणं, तीन दिवसांनीही जुलाब न थांबणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. बाळ, गरोदर बाई किंवा वृद्ध माणूस असेल तर एवढीही वाट पाहू नका. गरोदर बाईला नुसता ताप आला तरी काय खाल्लं होतं ते डॉक्टरांना सांगा.

आणि एक वेगळं चित्र ओळखून ठेवा. डबाबंद, सीलबंद किंवा घरी भरून ठेवलेलं काही खाल्ल्यावर, बहुधा १२ ते ३६ तासांत, एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड होऊन खाली आल्या, जीभ अडखळू लागली, गिळता येईना, तर ते बोट्युलिझम असू शकतं. ताप नसतो, माणूस शुद्धीवर असतो, म्हणून घरचे सकाळपर्यंत थांबतात. थांबू नका. त्यावर प्रतिविष आहे, पण ते लवकर द्यावं लागतं. त्याच घटकेला रुग्णालयात न्या आणि काय खाल्लं होतं ते तिथे पोचल्या पोचल्या सांगा.